‘फावल्या वेळात’ म्हणजे नक्की कुठल्या वेळात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या आठवड्याच्या पुरवणीत छोट्या शेतावर जनावरं पाळण्याविषयी जो लेख आलाय तो आमच्या घरात तिघांनी वाचला आणि चौथीला, म्हणजे सासूबाईंना, वाचून दाखवला. फोटो छान होते. गाय तर इतकी स्वच्छ की आमची मुलगी म्हणाली ही बसतच नसेल खाली. पण लेखात एक वाक्य आहे की फावल्या वेळात सकाळ-संध्याकाळ तासभर दिला की घरच्या घरी दोन-चार जनावरं सहज सांभाळता येतात, आणि ते ऐकून सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्या लिहिणाऱ्याला विचार गं, फावला वेळ कुठं मिळतो, आपण पण घेऊन येऊ." म्हणून हे पत्र. मी काही लेखिका नाही, मोबाईलवर टाईप करतेय तेही गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून, मधेमधे उठावं लागतं त्यामुळे वाक्यं इकडची तिकडं झाली तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे दोन म्हशी, एक गाय, तिची कालवड, सात शेळ्या, एक बोकड (तो जाणारे, त्याचं पुढे सांगते) आणि कोंबड्या किती ते रोज संध्याकाळी खुराडं लावताना कळतं. म्हणजे तुमच्या लेखातल्या ‘दोन-चार’ पेक्षा थोडीच जास्त. आणि खरं सांगायचं तर धारेला तासभरच लागतो, लेखकाचं तेवढं बरोबर आहे. सकाळी तास, संध्याकाळी तास. पण ते म्हणजे घरात लेकरू असलं की दिवसातून दोनदा भरवायला अर्धा अर्धा तास लागतो, म्हणजे मूल वाढवायला रोजचा एक तास पुरतो, असं म्हणण्यासारखं झालं.

लेख वाचल्यावर मी एक गंमत केली. गोठ्याच्या भिंतीवर कोळसा ठेवला आणि घरात सांगितलं की जो कोणी हातातलं काम टाकून जनावरांकडे जाईल त्याने एक रेघ मारायची, कारण काही का असेना. धार, वैरण, शेणघाण काढणं हे धरायचं नाही, ते नेहमीचंच आहे. पहाटेपासून रात्री आडवं पडेपर्यंत २३ रेघा झाल्या. त्यातली एक मुलाने उगीच मारली असं त्याची बहीण म्हणते, धरा २२. आणि या २२ मध्ये दावं सोडवणं, शेळीचं शिंग कुंपणातून काढणं, बादली उलटी केली म्हणून परत पाणी ओतणं हे सगळं आलं पण निम्म्याहून जास्त रेघा नुसत्या बघून येण्याच्या होत्या. नुसतं जायचं, उभं राहायचं, बघायचं आणि परत यायचं. याला काय म्हणणार तुम्ही, काम की फावला वेळ?

आता हे बघणं म्हणजे काय ते सांगते, कारण लेखात याच्यावर एक ओळ नाही आणि माझ्या मते सगळा धंदा याच्यावरच चाललाय. रात्री झोपायच्या आधी मी टॉर्च घेऊन जाते, लाईट नाही लावत कारण लाईट लावला की सगळी उठून उभी राहतात आणि मग काहीच कळत नाही. टॉर्च जमिनीवर मारायची, थोडा उजेड पसरतो तेवढा बास. कोण बसलंय कोण उभं आहे. बसलेल्यात रवंथ कोण करतंय. चांगलं जनावर दिवसभराचे मिळून सात-आठ तास रवंथ करतं, एक घास वर आला की पन्नास-साठ वेळा चघळतं आणि गिळतं, मग क्षणभर थांबतं, मानेवरून गोळा खालून वर येताना दिसतो, परत चालू. हे जर बंद असेल तर काहीतरी बिघडलंय, अजून ताप नाही, दूध कमी नाही, वैरणही थोडीफार खाल्लीये, पण बिघडलंय. मग नाकपुडीवर हात लावायचा, ओली असली पाहिजे. कान धरून बघायचा, गार पडलाय का. डाव्या कुशीत मूठ दाबून धरायची, आत पोट हलतं ते मुठीला कळतं, दोन मिनिटांत दोन-तीनदा तरी. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून ऐकतात तेच, आपण मुठीनं ऐकायचं. आणि शेण. शेणाकडे बघून नाक मुरडणाऱ्या पाहुण्यांना मी नेहमी सांगते की बाई आमचा पेपर हाच, सकाळी उठून पहिला हाच वाचतो. घट्ट झालं, पातळ झालं, दाणा तसाच पडलाय, वास वेगळा येतोय, सगळी बातमी त्यात असते. (आपल्या पेपरला कमी लेखायचं नाही, पण खरं ते खरं.)

हे सगळं कुणी शिकवलं नाही, सासूबाईंच्या मागं मागं हिंडून आलं. लग्न होऊन आले तेव्हा मला म्हशीच्या मागून जायचीही भीती वाटायची. पहिल्यांदा धारेला बसले तर म्हशीनं पान्हाच चोरला. अर्धा तास बसले, हात दुखले, वाटीभर दूध. सासूबाई आल्या, कासेवरून कोमट पाण्याचा हात फिरवला, काहीतरी पुटपुटल्या, दोन मिनिटांत सड टरारले. मला तेव्हा ती जादू वाटलेली, नंतर कळलं त्याच्यामागं शास्त्र आहे, कासेला हात लागला, वासराचं तोंड लागलं, ओळखीची बादली वाजली की जनावराच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं आणि कासेत साठलेलं दूध खाली उतरतं. त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो. तेवढ्यात काढलं तर काढलं. आणि मधेच कुत्रं भुंकलं, कुणी ओरडलं, नवा माणूस समोर आला की घाबरून सगळं आखडतं, मग तुम्ही काहीही करा. म्हणून आमच्याकडे धारेच्या वेळी फोन बंद असतो आणि भांडण असेल तर ते नंतर. बाहेरून औषध टोचून पान्हा सोडवायचा शॉर्टकट काही लोक करतात, तो मला अजिबात पटत नाही, त्यावर एखादा लेख लिहा जमलं तर.

धार झाल्यावर लगेच बसू द्यायचं नाही हे पण कुणी लेखात लिहीत नाही. सडाचं तोंड धारेनंतर अर्धा तास तरी उघडं राहतं, त्या वेळात जनावर शेणामुतात बसलं की जंतू आत आणि मग दगडी, म्हणजे कासदाह. उपाय काय तर धार झाली की पुढ्यात हिरवी वैरण टाकायची, खायच्या नादात उभी राहतात. इतकं साधं. पहिल्या दोन धारा काळ्या ताटलीत काढून बघायच्या, गुठळ्या दिसल्या की ओळखायचं. आणि औषध चालू असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस ते दूध कॅनमध्ये घालायचं नाही, इथं मात्र भल्याभल्यांचा हात सैल पडतो. आमचाही एकदा पडला होता, डॉक्टरांनी झापल्यापासून नाही.

आता ज्या रात्रीमुळे मला हे पत्र लिहावंसं वाटलं ती सांगते. गाय तिसऱ्यांदा व्याली, सगळं नीट झालं, कालवड झाली (तीच आता आहे), वार, म्हणजे वासरामागून येणारी झिल्ली, पडली, आम्ही खूष. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धारेला गाय मागच्या पायांवर जरा झुलतेय असं मला वाटलं. आमच्या ह्यांना म्हणलं, तर ते म्हणाले दमली असेल. मी पण म्हणलं असेल. रात्री टॉर्च घेऊन गेले तर बसलेली, रवंथ नाही, मान वळवून कुशीवर टेकवलेली. एखादं कुत्रं झोपतं ना तशी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल किती निवांत झोपलीये. कान धरला तर बर्फ. नाक कोरडं. उठवायला गेलो, उठेना, शेपटीपाशी हात लावला तरी हलेना. डॉक्टरांना फोन लावला, ते दुसऱ्या कामावर लांब होते, म्हणाले निघतो पण वेळ लागेल, तोवर दोन गोष्टी करा, तिला एका अंगावर आडवी पडू देऊ नका, दोन्ही बाजूंनी भरलेली पोती लावून बसती ठेवा नाहीतर पोट फुगेल, आणि तोंडाने काहीही पाजू नका, अगदी पाणीसुद्धा नाही, कारण गिळता येत नाहीये तिला, फुफ्फुसात जाईल.

तोवर शेजारपाजारचे जमलेले. प्रत्येकाकडे काहीतरी पाजायचं होतंच. मी आयुष्यात पहिल्यांदा घरातल्या मोठ्या माणसांना तोंडावर नाही म्हणाले, हातातली बाटली काढून घेतली आणि ती मांडीखाली ठेवून गायीच्या मानेपाशी बसले. दीड तास. पोती सरकली की सासरे लावायचे, मी मान धरून. त्या दीड तासाचा हिशेब लेखातल्या सकाळच्या तासात धरायचा की संध्याकाळच्या?

डॉक्टर आले, बघितल्याबरोबर म्हणाले मिल्क फिव्हर. नावात फिव्हर आहे पण ताप नसतो, उलट अंग गार पडतं. व्याल्यावर एकदम दूध सुरू होतं, त्या दुधात रक्तातलं कॅल्शियम खेचलं जातं आणि शरीराला तितक्या वेगानं भरून काढता येत नाही, मग स्नायूच चालेनासे होतात. व्याल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांत होतं, दुधाळ आणि तिसऱ्या-चौथ्या वेताच्या पुढच्या गायींना जास्त. त्यांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली, अगदी सावकाश, एक हात बाटलीवर आणि छातीवर स्टेथोस्कोप, कारण घाई केली तर हृदयच बंद पडतं म्हणे. बाटली अर्धी झाली नसेल तर गायीचं अंग थरथरायला लागलं, मग ढेकर दिला, मग शेण टाकलं, आणि मी खोटं सांगत नाही, बाटली संपून थोडा वेळ गेला आणि ती स्वतःच्या पायांवर उठून उभी राहिली. सासरे रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं.

मग हात धुता धुता डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली, म्हणून लिहिते. पूर्वी या आजारात बहुतेक गायी मरायच्या. १८९७ साली डेन्मार्कमधल्या कोल्डिंग गावच्या श्मिट नावाच्या पशुवैद्याला वाटलं की कासेतच काहीतरी विष तयार होतंय, म्हणून त्यानं सडातून आत एक औषध सोडून बघितलं आणि गायी उठायला लागल्या. पुढे कळलं की औषधाचीही गरज नाही, कासेत नुसती हवा भरली तरी गाय उठते. त्यानं धरलेलं कारण चुकीचं होतं, विषबिष काही नव्हतं, कासेत दाब वाढल्यामुळे दूध बनायचं थांबत होतं आणि कॅल्शियम रक्तातच राहत होतं. कॅल्शियमचं खरं कारण १९२० नंतर समजलं. म्हणजे पंचवीसेक वर्षं लोक चुकीच्या कारणासाठी बरोबर उपाय करत होते! आमच्या घरातही अशा बऱ्याच गोष्टी चालतात म्हणा, पण निम्म्या वेळा कारणही चूक आणि उपायही चूक.

त्याचंच एक उदाहरण, आमचंच. डॉक्टरांनी विचारलं शेवटच्या महिन्यात काय चारलं, मी मोठ्या अभिमानानं सांगितलं की रोज कॅल्शियमचं औषध पाजत होतो, ताकद यावी म्हणून. त्यांनी कपाळावर हात मारला. गाभणपणी शेवटच्या काही आठवड्यांत भरपूर कॅल्शियम पोटातून आयतं मिळत राहिलं की शरीराची हाडांतून ते काढून घ्यायची सवय सुस्तावते, आणि व्याल्यावर एकदम गरज पडली की ती यंत्रणा जागी व्हायच्या आत गाय खाली बसते. द्यायचं ते व्याल्यावर. आणि पहिले दोन-तीन दिवस कास पूर्ण रिकामी करायची नाही. म्हणजे आम्ही प्रेमापोटी, पदरमोड करून, गायीला आजारी पाडलं. अशा गोष्टी पेपरात यायला पाहिजेत हो. फोटो थोडा लहान छापा.

चिकाचं, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या दुधाचं, पण तसंच. आमच्या घरात पूर्वी वार पडल्याशिवाय वासराला पाजायचं नाही अशी समजूत होती, आणि वार पडायला कधीकधी आठ-दहा तास लागतात. माझ्या आधीच्या एका म्हशीची वगार अशीच उशिरा पाजली, चार दिवस बरी होती, पाचव्या दिवशी हगवण लागली आणि गेली. डोळे आत गेलेले, जीभ गार. मी तिला बाटलीनं साखरमिठाचं पाणी देत होते पण उपयोग झाला नाही. नंतर कळलं की वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात आजाराशी लढायची ताकद जवळपास शून्य असते, आईच्या पोटात असताना ती वारेतून येतच नाही, ती सगळी चिकातून येते, आणि वासराच्या आतड्यातून ती जशीच्या तशी रक्तात जायची वाट पहिल्या २४ तासांतच बंद होते, तीही तासातासाला अरुंद होत. म्हणून पहिल्या तास-दोन तासांत पोटात चीक गेलाच पाहिजे, दिवसभरात वजनाच्या एक दशांश, म्हणजे ३० किलोचं वासरू असेल तर तीन लिटर, एकदम नाही, दोन-तीन वेळा करून. आणि गंमत म्हणजे वासरू प्यायला लागलं की त्याच ऑक्सिटोसिनमुळे वार पडायलाही मदतच होते. आम्ही नेमकं उलटं धरून बसलेलो. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हातून किती गेली असतील." त्यावर मी काय बोलणार. आता मात्र कुणाची म्हैस व्याली की त्याच आधी विचारतात, पाजलं का, पाजलं का.

माजाचं, म्हणजे जनावर भरवायच्या, गाभण घालायच्या वेळेचं, लिहायचं राहिलं. लेखात ‘योग्य वेळी भरवून घ्यावे’ एवढं चार शब्दांत उरकलंय. योग्य वेळ म्हणजे २१ दिवसांतून एकदा येणारे काही तास. गाय निदान ओरडते, दुसऱ्यांवर चढते, म्हैस काही सांगत नाही, तिचा मुका माज असतो, आणि तोही बऱ्याचदा रात्री. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. चुकला की २१ दिवस गेले. आमच्या मुलीनं कॅलेंडरवर लाल-निळ्या खुणा सुरू केल्यात, लाल म्हणजे माज, निळी म्हणजे भरवलं, आणि २१ दिवस मोजून पुढच्या तारखेवर प्रश्नचिन्ह. त्या प्रश्नचिन्हाच्या दिवशी घरातल्या एकाची झोप जाते. मागच्या महिन्यात ती माझी होती. म्हशीनं रात्री दोनला एकदा शेपूट जरा वर धरली, मागून चिकट स्रावाची तार दिसली, संपलं. लिहून ठेवलं म्हणून बरं, सकाळी मलाच वाटायला लागलं की स्वप्न पडलं का काय.

शेळ्यांचं वेगळंच तंत्र. शेळी म्हणजे कमी कष्टाची असं सगळे म्हणतात, म्हणणाऱ्यांनी एकदा शेळी पाळावी. कडी उघडायला शिकलेली एक आहे आमच्यात, तिनं एका रात्री कोठीचं दार उघडून धान्याच्या पोत्यात तोंड घातलं. सकाळी बघतो तर पोट ढोलासारखं, दात खातेय, चालताना झोकांड्या. लोकांना वाटतं जास्त खाल्लं तर काय होतं, जिरेल. नाही जिरत. एकदम दाणा पोटात गेला की तिथं आंबतं आणि ते आम्ल जनावराला मारू शकतं. ती वाचली, पण तिच्यासोबत गेलेली तिची पाट (मादी पिल्लू) नाही वाचली. दाराला आता कडी नाही, कुलूप आहे, आणि किल्ली सासऱ्यांच्या कमरेला.

जंताचं औषध देताना सगळे अंदाजाने देतात, मी पण द्यायचे. आता टेप वापरते. छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचात, भागिले ६६०, किलोत वजन येतं. घेर ६० आणि लांबी ५० असेल तर २७२-२७३ किलो. आमचा अंदाज २०० चा होता, म्हणजे इतकी वर्षं औषध कमी पडत होतं, आणि कमी पडलेल्या औषधाने जंत मरत नाहीत, उलट त्यातले चिवट तेवढे शिल्लक राहतात आणि मग ते औषध त्यांना लागतच नाही. मुलगा हे गणित मोबाईलवर करतो, शाळेतलं मात्र करायला सांगितलं की पोटात दुखतं.

बरं, बोकड. आमच्या घरात नियम आहे की जो विकायचा त्याला नाव द्यायचं नाही. म्हशींना नावं आहेत, गायीला आहे, शेळ्यांना आहेत, बोकडाला नाही. यावर्षी आईला दूध कमी म्हणून या बोकडाला बाटलीवर वाढवावा लागला आणि ते काम मुलाकडे होतं, आणि मला महिनाभरानं कळलं की तो त्याला हळूच एका नावानं हाक मारतो, आम्ही समोर नसलो की. नाव सांगत नाही आम्हाला. बोकडाला मात्र माहितीये, हाक मारली की दावं ताणून येतो. हे काय करायचं ते मला कळत नाहीये आणि तुमच्या लेखात याचंही उत्तर नाही, नसणारच म्हणा. ह्यांचं म्हणणं पोरगं शिकेल. माझं म्हणणं शिकेल, पण काय शिकेल?

सासऱ्यांच्या तोंडी एक शिवी आहे, कोणावर फार चिडले की म्हणतात "बुळकांडी लागो". आम्ही हसतो कारण गुरांचा तो रोग आम्ही कोणी बघितलाच नाही. त्यांनी लहानपणी बघितलाय, दावणीच्या दावणी रिकाम्या झालेल्या. २०११ मध्ये तो रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं, देवीनंतर माणसानं पूर्ण संपवलेला तो दुसराच रोग. केनियात काम करणाऱ्या वॉल्टर प्लोराइट नावाच्या शास्त्रज्ञानं १९६० च्या सुमारास त्यावर चांगली लस शोधून काढली आणि मग गावोगाव, तांड्यातांड्यावर जाऊन जनावरांना टोचत टोचत ते झालं. मला यात शास्त्रज्ञाइतकंच त्या टोचणाऱ्यांचं आणि जनावर धरून ठेवणाऱ्यांचं कौतुक वाटतं. लस टोचायला आले की आमच्याकडे अजूनही कोणी ना कोणी म्हणतं, कशाला, दूध कमी होतं. होतं दोन दिवस. लाळ्या-खुरकूत झाल्यावर किती कमी होतं ते विचारा ज्यांना झालंय त्यांना.

मला तक्रार करायची नाहीये, म्हणजे जनावरं पाळणं वाईट असं माझं म्हणणं नाही. पहाटे गोठ्यात गेलं की सगळ्या माना एकदम वळतात, ते सुख आहेच. पण मी आणि हे, दोघं मिळून एका रात्रीसाठीही कुठं गेलेलो नाही, मला वाटतं नऊ वर्षं झाली. एक जातो, एक राहतो. भावाच्या मुलीच्या लग्नात मी होते, हे नव्हते, मावशी गेल्या तेव्हा हे गेले, मी नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१९ ते २०२८ हे कौटुंबिक शेतीचं दशक म्हणून जाहीर केलंय असं मागं आपल्याच पेपरात वाचलेलं. दशक मिळालं, आनंद आहे, आम्हाला एक रविवार मिळाला असता तरी चाललं असतं. आणि ज्या बाईनं हे वाचून दोन म्हशी घेतल्या, फावल्या वेळात सांभाळू म्हणून, तिला जेव्हा फावला वेळ सापडणार नाही तेव्हा तिला वाटेल आपलंच काहीतरी चुकतंय, आपणच ढिल्या. घरातलेही तेच म्हणतील, पेपरात तर तासभर लिहिलंय. मला राग त्याचा आलाय.

तेव्हा विनंती अशी की पुढचा लेख लिहायच्या आधी लेखकाला कुठल्याही गोठ्यात एक पूर्ण दिवस आणि एक रात्र पाठवा, आमच्याकडेही चालेल, कोळसा भिंतीपाशीच आहे. आणि यशोगाथेच्या जागी कधीतरी चिकाविषयी, मिल्क फिव्हरविषयी, वजनाच्या टेपविषयी साध्या भाषेत छापा, कापून गोठ्यात चिकटवता येईल असं.

बाकी काही नाही छापलं तरी एक दुरुस्ती मात्र नक्की छापा. लेखात शेळी सहा महिन्यांनी विते असं आलंय. शेळीचे दिवस १५०, म्हणजे पाच महिने. गायीचे २८० च्या आसपास, म्हशीचे ३१० च्या आसपास, कोंबडीच्या अंड्याचे २१. ज्यांनी तो लेख वाचून शेळी घेतली आणि भरवली असेल ते सहाव्या महिन्याच्या हिशेबानं निवांत असतील आणि करडू एखाद्या थंडीच्या रात्री महिनाभर आधीच ओल्या जमिनीवर येऊन पडेल, पुसायला कोणी नसेल. पुढच्या अंकात चौकट करून टाकलीत तर बरं होईल, जमल्यास पहिल्याच पानावर.

आपली,
एक वाचक
(नाव छापू नये, ह्यांना अजून सांगितलेलं नाही)